खालचा ओठ, डावी बाजू

माझ्या पत्नीच्या खालच्या ओठाची डावी बाजू आणि तिच्याखालची हनुवटी जागच्या जागी आहे. आरशात दिसते, फोटोत दिसते, बोलताना हलतेसुद्धा. फक्त तिला ती कळत नाही. कप ओठाला टेकला की नाही हे ती कपाच्या कलण्यावरून ठरवते. जेवताना डाव्या हाताची दोन बोटं हनुवटीवर ठेवते आणि मधूनमधून माझ्याकडे बघते. मी मान हलवली की रुमालाने पुसते. दीड वर्ष असं चाललं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना वाटतं, बाई कसल्या तरी विचारात आहेत.

हे कसं झालं ते मी बऱ्याच लोकांना सांगितलं, आणि दर वेळी थोडं वेगळं सांगितलं. कधी दोष मशीनला दिला, कधी डॉक्टरला, एकदा तर आमच्या सगळ्या मराठी समाजाला. इथे क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं की माझा भाग गाळता येत नाही.

आम्ही ग्वाल्हेरचे. माझे पूर्वज दख्खनेतून आले ते लेखणी घेऊन, आणि दरबाराच्या दप्तरात बसले. काम एकच होतं: खालची गोष्ट वर आणि वरची खाली, शोभेल अशा भाषेत पोचवायची. वाईट बातमी असेल तर आधी तिचे कोपरे घासायचे, हुजुरांचं जेवण झालं का, मर्जी बरी आहे का ते बघायचं, आणि मग अशी ठेवायची की ती बातमी आहे हेच लक्षात येऊ नये. दरबार गेला, दप्तर गेलं, ही सवय मात्र वारशात आली. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. तीस वर्षं प्राचार्यांना पत्रं लिहिली आणि एकाही पत्रात कपाटांना वाळवी लागल्याचं सरळ लिहिलं नाही. वाळवीने मात्र कामात कसूर केली नाही.

पत्नी सरकारी शाळेत गणित शिकवायची. तिच्यात हा दोष नव्हता. उत्तर चुकलं तर ती ‘चुकलं’ म्हणायची. घरात कामाची वाटणी ठरलेली होती: हिशेब, वेळापत्रक, औषधं तिच्याकडे, पत्रं, फोन, नातेवाइकांशी बोलणं माझ्याकडे. “तुम्हीच बोला,” ती म्हणायची, “मी बोलले की लोकांना लागतं.”

मुलीचं लग्न ठरलं ते इथल्याच एका घराण्यात. त्यांचे पूर्वज तलवार घेऊन आले होते आणि दरबारात पुढच्या रांगेत बसत. आमचे त्या रांगेमागे उभे राहून कोण बसलं याची नोंद करत. आता दोन्ही घरं एकाच रेशनकार्डाच्या देशात राहतात, पण विहीणबाई बोलताना अजूनही ‘आमच्याकडे’ असं म्हणतात तेव्हा त्या शब्दाला चार खांब आणि एक हत्ती असतो. मुलगा मात्र साधा, पुण्यात माझ्या मुलीच्याच कंपनीत. त्याचा थोरला भाऊ दातांचा डॉक्टर.

साखरपुड्याच्या दिवशी जेवणानंतर माझी पत्नी बेसिनपाशी कवळी धूत होती. डावीकडच्या खालच्या दोन दाढा तिच्या कधीच्या गेल्या होत्या. तिथे काढ-घालीची छोटी कवळी होती. विहीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“अगंबाई, विहीणबाई! घरात दातांचा डॉक्टर असताना हे काय धरून बसलाय?”

“सवय झाली हो. चांगली बसते.”

“छे छे. लग्नात फोटो निघतील. आमच्याकडचे सगळे येणार. थोरल्याला सांगते, इम्प्लांट करून देईल. स्क्रू बसवला की दात जन्माचा. आणि फीबिची भाषा काढायची नाही हं, सांगून ठेवते.”

फुकटच्या गोष्टीला नाही म्हणणं सोपं असतं. मानाच्या गोष्टीला नाही कसं म्हणणार? आम्ही मुलीकडचे होतो. ज्यांनी मराठी लग्न जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मुलीकडच्यांना तक्रार करता येत नाही. आमटी खारट झाली तर ती आपल्या जिभेची चूक. हा नियम कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे मोडताही येत नाही.

दवाखाना सिटी सेंटरकडे, नव्या इमारतीत. बाहेरच्या खोलीत एका भिंतीवर पणजोबांची पागोट्यातली तसबीर, तिच्याखाली काचेत जुनी सनद, आणि समोरच्या भिंतीवर पांढऱ्या दातांचं एक कुटुंब, ज्यातला कोणीही ग्वाल्हेरचा वाटत नव्हता. आतल्या खोलीत कोपऱ्यात माणसाच्या उंचीचं काहीतरी लाल मखमलीने झाकलेलं उभं होतं. त्यावर रुंद फीत बांधलेली. मला आधी वाटलं, कोणाचा पुतळा.

“स्कॅनचं मशीन आहे काका,” डॉक्टर म्हणाले. “थ्री-डी. हाड किती जाड, नस कुठून जाते, सगळं मिलिमीटरमध्ये दिसतं. अख्ख्या भागात असं नाही.”

“मग हिचा फोटो यातच काढणार?”

“उद्घाटन व्हायचंय ना. शनिवारी. मोठे पाहुणे येतायत. तोपर्यंत साधा एक्स-रे पुरतो. इतकी वर्षं त्यावरच करतोय.”

काम शुक्रवारी होतं. पत्नीने हिशेब केला. “शनिवारी मशीन सुरू होणार, तर सोमवारी करू की. तीन दिवसांनी काय बिघडतं?”

डॉक्टर हसले. “काकू, शनिवारी तुम्ही पुढे बसायला हव्यात. आईची फार इच्छा आहे. आदल्या दिवशी इम्प्लांट आणि दुसऱ्या दिवशी समारंभाला हजर! लोकांची भीती जाते.”

“पण नस कुठे आहे ते—”

मी तिचा कोपर दाबला. अगदी हलकेच. तिने माझ्याकडे बघितलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला सही करायचा कागद समोर आला. दोन पानं, बारीक अक्षर. विहीणबाई मुद्दाम आल्या होत्या आणि शेजारी बसून कौतुकाने बघत होत्या. मी जन्मभर पुस्तकांच्या प्रस्तावना, परिशिष्टं, शुद्धिपत्रं वाचली आहेत. आगपेटीवर काही छापलेलं असलं तरी वाचतो. तो कागद वाचला नाही. व्याह्यांच्या दारात बसून कागद वाचणं म्हणजे त्यांच्यावर शंका घेणं. पत्नीने सही केली, मी खाली साक्षीदार म्हणून केली. दुसऱ्या पानावर एक ओळ होती: खालचा ओठ, हनुवटी किंवा हिरडी तात्पुरती अथवा कायमची बधिर होण्याची शक्यता. ती मी महिन्याभराने वाचली.

आत तास-सव्वा तास लागला. बाहेर आली तेव्हा गालाला बर्फाची पिशवी, तोंडात कापूस. रिक्षात बसल्यावर तिने कापूस सांभाळत सांगितलं, “मधे एकदा करंट लागला. इथून इथपर्यंत.” तिने दाढेपासून ओठापर्यंत बोट फिरवलं. “मी हात वर केला. त्यांनी अजून एक भुलेचं इंजेक्शन दिलं. मग काही कळलं नाही.”

“मग बरोबर,” मी म्हणालो. काय बरोबर, ते आजही मला माहीत नाही.

दौलतगंजात आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दुपारी तिने थोडी पेज घेतली, झोपली, पाचला उठली. डॉक्टरांनी दिलेला छापील कागद तिने भिंतीवर टाचणीने लावला होता, औषधांच्या वेळा लिहून. त्यावरच छापलं होतं की भूल तीन-चार तासांत उतरते, सहा तासांनंतरही बधिरपणा राहिला तर ताबडतोब कळवावं. ‘ताबडतोब’ जाड अक्षरात होतं.

साडेसहाला ती आरशासमोर उभी होती. ओठाला चिमटा काढून बघत होती.

“उतरली नाही अजून.”

“थोडी राहत असेल.”

“थोडी नाही. उजवीकडे सगळं कळतंय. डावीकडे इथून पुढे काहीच नाही. जणू कोणी दुसऱ्याचा ओठ शिवलाय.” तिने भिंतीवरचा कागद बघितला. “सात तास झाले. फोन करा.”

“आत्ता ते उद्याच्या तयारीत असतील. मांडव, खुर्च्या, पाहुण्यांचा बंदोबस्त.”

“मग मी करते.”

तिने फोन हातात घेतला होता. मी तो तिच्याकडून घेतला. “नको, तू सरळ बोलशील. मी मेसेज लिहितो. नीट लिहितो.”

‘मी तो तिच्याकडून घेतला’ या वाक्यापर्यंत यायला मला इतका वेळ का लागला, हे वाचणाऱ्याला आता कळलं असेल.

मी मसुदा करायला बसलो. पहिला असा होता: ‘डॉक्टरसाहेब, हिचा ओठ अजून बधिर आहे, सात तास झाले.’ वाचून पाहिला. फार कोरडा, जाब विचारल्यासारखा. खोडला. दुसऱ्यात आधी आभार घातले, त्यांच्या हाताच्या हलकेपणाची स्तुती केली, आणि ‘किंचित बधिरता जाणवते, ती स्वाभाविकच असेल’ असं लिहिलं. ‘जाणवते’वर अडलो. बधिरता जाणवते कशी? ते वाक्य दुरुस्त करण्यात वेळ गेला. मग वाटलं, ऐन समारंभाच्या आदल्या संध्याकाळी हे लिहिणं बरं दिसत नाही. विहीणबाईंच्या हातात फोन असला तर? मुलीला तिथे नांदायचं आहे. उद्या भेटणारच आहोत, सवड बघून कानावर घालू. शेवटी जे पाठवलं ते असं: ‘सर्व कुशल. सौ. आराम करीत आहेत. उद्याच्या मंगल कार्यास मनःपूर्वक शुभेच्छा.’

लगेच उत्तर आलं. जोडलेले हात आणि एक फूल.

“काय म्हणाले?” स्वयंपाकघरातून पत्नीने विचारलं.

“उद्या बघतो म्हणाले,” मी सांगितलं.

शनिवारी अकराचा कार्यक्रम बाराला सुरू झाला. आम्ही दुसऱ्या रांगेत. पहिली रांग पाहुण्यांबरोबर आलेल्यांनी भरली होती. त्यांच्यातल्या निम्म्यांना हा दवाखाना आहे की साड्यांचं दुकान याची कल्पना नसावी. दिवा, हार, दुसरे हार, स्वागतगीत. पाहुण्यांनी भाषणात ग्वाल्हेरची परंपरा, शौर्य आणि दंतमंजन यांचा उल्लेख केला. मग फीत कापली. मखमल ओढली तेव्हा टाळ्या झाल्या, आणि पाहुण्यांनी स्वतःहून मशीनमध्ये डोकं ठेवलं. हनुवटी टेकवायची जागा त्यांच्या हाराने झाकली गेली, म्हणून हार काढला, पुन्हा फोटोसाठी घातला, पुन्हा काढला. मशीन त्यांच्या डोक्याभोवती एकदा फिरलं. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर त्यांचा जबडा दिसू लागला, करडा, चारी बाजूंनी वळणारा. डॉक्टरांनी काठीने दाखवलं: ही पिवळी रेघ बघा, ही नस, ओठाला जाते, इम्प्लांट करताना हिला सांभाळावं लागतं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्या जबड्यात सगळे दात शाबूत होते.

माझ्या शेजारी पत्नी त्या पिवळ्या रेघेकडे बघत होती. टाळ्या वाजवत नव्हती.

“आत्ता सांगा,” ती हळू म्हणाली.

“कार्यक्रम होऊ दे.”

चहा आला. तिने कप उचलला आणि चहा ओठावरून हनुवटीवर, हनुवटीवरून साडीवर ओघळला. तिला कळलं नाही. गरम होता, वाफ दिसत होती. विहीणबाईंनी पाहिलं, कागदी रुमाल घेऊन आल्या.

“भूल उतरली नाही वाटतं अजून?” त्या हसत म्हणाल्या. “नाजूक प्रकृती!” आणि हात धरून तिला पुढे घेऊन गेल्या. “या आमच्या विहीणबाई. कालच इम्प्लांट झालं. आणि बघा, आज उभ्या आहेत!”

फोटोग्राफरने हसायला सांगितलं. पत्नी हसली. ही नस स्पर्शाची असते, हालचालीची नाही. त्यामुळे हसू अगदी सरळ आलं. फोटो उत्तम निघाला. पुढे सहा-सात महिने तो दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत होता.

डॉक्टर दोन वेळा माझ्या हाताच्या अंतरावर आले. एकदा त्यांच्याबरोबर पाहुण्यांचे सचिव होते. दुसऱ्यांदा एकटेच होते, पाण्याची बाटली शोधत होते. “काका, काकू ठीक ना?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “हो हो. छान झाला कार्यक्रम.” तेव्हा पावणेतीन वाजले होते. ही वेळ मला माहीत आहे कारण मी लगेच घड्याळ बघितलं, जेवणाला उशीर होतोय म्हणून.

आठव्या दिवशी टाके काढताना पत्नीने स्वतःच सांगितलं. मला गप्प बसवून सांगितलं. डॉक्टरांनी ओठाला हात लावला, म्हणाले, सूज आहे, नसेवर दाब येतो, उतरेल. गोळ्या लिहून दिल्या. त्यांचा आवाज थोडा बदलला होता. मी तो ऐकला आणि गोळ्यांच्या दुकानाकडे वळलो.

मग जळजळ सुरू झाली. जिथे काही कळत नव्हतं तिथेच, आत, मिरची लावल्यासारखं. वारा लागला की जळायचं. पदर लागला की जळायचं. बाहेरून हात लावला तर कळत नाही आणि आतून आग, हे मला समजेना. “समजून काय करणार आहात?” ती म्हणाली. ती पंखा बंद करून झोपू लागली, आणि ते मे महिन्याचे दिवस होते. रुखवताचं सामान आणायला टोपी बाजारात गेलो तेव्हा ती तोंडावर ओढणी बांधून आली नि दुसऱ्याच दुकानात म्हणाली, घरी चला, कापड घासतंय. इतकी वर्षं मी तिला ओळखतो. ती खरेदी अर्धी सोडणारी बाई नाही.

मुलगी पंचविसाव्या दिवशी पुण्याहून आली. फोनवर तिला आम्ही ‘थोडी सूज’ एवढंच सांगत होतो. जेवताना तिने एकदम ताट सरकवलं.

“आई! खून! अगं तू ओठ चावतेयस!”

पत्नीच्या भातावर लाल थेंब पडत होते. ती चावतच होती, नेहमीसारखी, शांतपणे. मुलीने तिची हनुवटी धरली तेव्हा थांबली.

“कबसे असं आहे?” मुलगी घाबरली की अर्धी हिंदीत जाते. इथली सगळीच पोरं जातात.

“पहिल्या दिवसापासून,” पत्नीने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आम्हाला ग्वाल्हेरातल्याच हजिऱ्याला घेऊन गेली, जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका बाईंकडे. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांचा मोडलेला जबडा त्यांनी बसवला होता. खाली टायरचं दुकान, वर त्यांच्या दोन खोल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या. भिंतीवर काही नव्हतं, एक कॅलेंडर सोडून. त्यांनी बाहेरून स्कॅन काढून आणायला लावलं आणि मग पडद्यावर दाखवलं. पिवळी रेघ मी ओळखली. दोनपैकी मागच्या स्क्रूचं टोक त्या रेघेच्या आत होतं.

“उसी दिन फोन किया था आपने?” त्यांनी विचारलं.

पत्नीने माझ्याकडे बघितलं.

“पहले एक-डेढ़ दिन में स्क्रू निकाल लेते, तो नस के लौटने की उम्मीद अच्छी थी. गारंटी तब भी नहीं देती. अब निकालेंगे, जलन शायद कम हो जाए. सुन्नपन का...” त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. ते टाळण्यासाठी नव्हतं. पत्नीने मान हलवून त्यांना थांबवलं होतं. उत्तर तिने काढलं होतं.

दीड दिवस. शुक्रवारी साडेअकरापासून मोजलं तर शनिवारी रात्रीपर्यंत. शनिवारी पावणेतीनला अजून पावणेनऊ तास हातात होते.

त्या संध्याकाळी मुलगी एकटीच डॉक्टरांकडे गेली. तिला तावातावाने जाताना मी पाहिलं. परत आली तेव्हा ताव नव्हता. तिने माझा फोन मागितला, मेसेज उघडला, आणि मोठ्याने वाचला. सर्व कुशल. सौ. आराम करीत आहेत.

“त्यांनी मला हा दाखवला, बाबा. म्हणे, काकांनीच लिहिलंय, हम क्या समझते? मी काय बोलणार होते तिथे?”

“मशीन बंद होतं,” मी म्हणालो. “मशीन असताना त्यांनी साध्या एक्स-रेवर—”

“ते मी त्यांना बोलले. खूप बोलले. ती त्यांची चूक आहे, ते मान्य करो ना करो. मैं आपसे पूछ रही हूँ. तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आईने सांगितलं होतं?”

“हो.”

“मग का नाही लिहिलं?”

मी म्हणालो, “तुझ्यासाठी.” ते खरं होतं, आणि मी आयुष्यात तिला बोललेलं सगळ्यात वाईट वाक्य होतं. तिचा चेहरा बघून ते मागे घ्यावंसं वाटलं. ती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन आईशेजारी बसली. लग्न मोडते, असं ती दोन दिवस म्हणत होती. होणारा जावई पुण्याहून आला, पत्नीसमोर खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, “दादाची चूक झाली. घरात कोणी म्हणणार नाही, म्हणून मी म्हणतो.” त्या घराण्यातलं ते पहिलं साधं वाक्य मी ऐकलं. पत्नीने मुलीला सांगितलं, “याच्याशी कर. ओठ माझा आहे, त्याचं तुझ्या लग्नात काय काम?”

हजिऱ्याच्या बाईंनी स्क्रू काढला. जळजळ पावसाळा संपेपर्यंत निम्म्यावर आली. लग्न झालं. डॉक्टर वाकून पाया पडले, मी आशीर्वाद दिला. विहीणबाई आता भेटल्या की तब्येतीबद्दल विचारतात, आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या कोणाची तरी विचारपूस सुरू करतात. काढ-घालीची कवळी आता बसत नाही. पत्नी डाव्या बाजूने जेवत नाही.

माझ्यावर ती रागावली नाही. त्याची मी वाट बघत होतो. एकदाच, चहा गाळताना, पाठमोरी असताना तिने विचारलं, “उद्या बघतो, असं ते म्हणालेच नव्हते ना?” मी नाही म्हणालो. तिने चहा कपात ओतला आणि माझ्यासमोर ठेवला. त्या दिवसापासून नातेवाइकांचे फोन ती स्वतः घेते.

दर चार-पाच महिन्यांनी हजिऱ्याला तपासणी असते. डॉक्टरबाई कापसाची बारीक वात करतात, डोळे मिटायला सांगतात, ओठाला आणि हनुवटीला वेगवेगळ्या जागी लावतात. कळलं की ‘हाँ’ म्हणायचं. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा दीड वर्ष पुरं होत आलं होतं. यानंतर काही परत येत नाही, असं त्यांनी आधीच सांगितलेलं होतं.

उजव्या बाजूला प्रत्येक स्पर्शाला हाँ आलं. मग डावी बाजू. वात ओठाला लागली, पत्नी गप्प. हनुवटीला लागली, गप्प. डॉक्टरबाईंनी श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.

“हाँ,” पत्नी म्हणाली.

डॉक्टरबाईंचा चेहरा उजळला. वात पुढे सरकली. “हाँ.” आणखी पुढे. “हाँ.” मी खुर्चीत सरळ झालो.  मग डॉक्टरबाईंनी हात खाली घेतला आणि वात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या.

“हाँ,” पत्नी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, “हाँ.”

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या काय विचारत होत्या ते मला कळत होतं. पत्नीचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर वर्गात सोपं गणित घालताना असायचा तसा भाव, आणि दोन ‘हाँ’मधलं अंतर नेमकं सारखं.

“उसे कुछ नहीं लग रहा, डॉक्टर,” मी म्हणालो. “वो सेकंड गिन रही है.”

ती थांबली. डोळे मिटूनच म्हणाली, “चार-चार सेकंदांनी लावत होत्या. बिचाऱ्या इतक्या जिवाने बघतात दर वेळी.” मग डोळे उघडून तिने माझ्याकडे बघितलं. “हे त्यांना सांगायची काय गरज होती?”

“आता नव्हती,” मी म्हणालो.

डॉक्टरबाईंनी फाइलवर दोन ओळी लिहिल्या, सही केली, आणि पुढच्या तारखेची जागा कोरी ठेवून फाइल तिच्या हातात दिली.